बॉलकडे न बघायला शिकताना

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचा भाचा न्यू जर्सीत सिव्हिल इंजिनीअरिंग शिकतो. गेल्या वर्षापासून तो लहान मुलांच्या फुटबॉल सामन्यांत शिट्टी फुंकायला जातो (अमेरिकन फुटबॉल, लंबगोल बॉलवाला), आणि आता घरी म्हणतोय की मला एनएफएलचा (या खेळाच्या सगळ्यात वरच्या व्यावसायिक लीगचा) रेफरी व्हायचंय. ताईंची बहीण हादरली आहे. त्यांनी विचारलंय: हे खरंच करिअर असतं का, पैसे किती मिळतात, किती वर्षं लागतात, आणि यासाठी इंजिनीअरिंग सोडावं लागेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे घरात शांतता होईल. सोडू नये. इंजिनीअरिंग सोडलं तर रेफरीही होता येणार नाही, कारण पहिली दहा-बारा वर्षं घर चालवायला दुसरी नोकरीच लागते. आणि वर पोचल्यावरही बहुतेकांची ती नोकरी सुटलेली नसते.

माझ्याबद्दल थोडं, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी एनएफएलचा रेफरी नाही. न्यू जर्सीत गेली १९ वर्षं हायस्कूल फुटबॉलला उभा राहतो, मधली सहा वर्षं शनिवारी डिव्हिजन थ्रीच्या छोट्या कॉलेजांचे सामनेही केले. दिवसा सॉफ्टवेअर. लहानपणी सांगलीत खो-खो खेळलो, अमेरिकेत येईपर्यंत या खेळाचा एक नियमही माहीत नव्हता. माझ्याबरोबर त्याच वर्षी सुरुवात केलेला एक जण आज मोठ्या कॉलेज कॉन्फरन्समध्ये (कॉलेजांच्या लीगमध्ये) आहे, बाकीचे आमच्यासारखे शुक्रवारवाले, म्हणजे हायस्कूलचेच, राहिले किंवा सोडून गेले. शिडीची कोणती पायरी कुठे करकरते, एवढं मला जवळून माहीत आहे.

आधी आकडे. एनएफएलमध्ये ३२ संघ, साखळी फेरीचे २७२ सामने, १८ आठवडे. प्रत्येक सामन्याला मैदानात सात पंच असतात आणि अशा १७ तुकड्या. सात सत्ते... म्हणजे १७ गुणिले ७, ११९. राखीव आणि रिप्ले बघणारे धरले तरी अख्ख्या देशातून फार तर दीडेकशे माणसं. त्या सातांत 'रेफरी' एकच असतो, पांढऱ्या टोपीवाला, जो माइकवर निर्णय सांगतो. बाकीच्यांना अंपायर, डाऊन जज, लाइन जज, फील्ड जज, साइड जज, बॅक जज अशी नावं आहेत. लोक सगळ्यांनाच रेफरी म्हणतात, आम्हीही घरी सांगताना तेच म्हणतो. पण भाचा 'रेफरी व्हायचंय' म्हणतो तेव्हा तो १७ खुर्च्यांबद्दल बोलतोय, आणि त्या खुर्च्यांवर बसलेले बहुतेक लोक आधी काही वर्षं काळ्या टोपीत दुसऱ्या जागेवर उभे राहिलेले असतात. एड होकुली १९९० साली बॅक जज म्हणून आला आणि १९९२ ला रेफरी झाला, तो अपवाद वाटावा इतका लवकर.

पगार. २०१२ च्या करारात जे आकडे बाहेर आले त्यानुसार २०११ साली सरासरी १ लाख ४९ हजार डॉलर मिळत होते. ते २०१३ ला १ लाख ७३ हजार आणि २०१९ पर्यंत २ लाख ५ हजार होतील असं ठरलं. चांगले पैसे आहेत. पण ही जवळपास सगळी माणसं 'अर्धवेळ' आहेत. २०१७ साली लीगने २१ जणांना पूर्णवेळ केलं होतं, दोन वर्षांतच तो प्रयोग थांबवला. होकुली वकील. वॉल्ट अँडरसन दंतवैद्य. जीन स्टेराटोरचा भावाबरोबर साफसफाईच्या सामानाचा धंदा होता, आणि हा गडी उरलेल्या वेळात कॉलेज बास्केटबॉललाही रेफरी असायचा. जिम टनी शाळेचे मुख्याध्यापक होते. रविवारी सत्तर हजार लोकांसमोर माइक धरणारा माणूस सोमवारी दात काढत असतो, हे आपल्याकडच्या लोकांना सांगितलं की खोटं वाटतं.

आणि शिडीच्या तळाला? मी सुरू केलं तेव्हा दहा वर्षांच्या पोरांच्या सामन्याला ४० डॉलर हातावर पडायचे. त्याच वर्षी पट्ट्यापट्ट्यांचे शर्ट, काळी पँट, बूट, टोपी, शिट्ट्या, फाऊल दिसला की टाकायचे पिवळे फ्लॅग, जागेची खूण करायची बीन बॅग आणि चॅप्टरची (पंचांच्या स्थानिक संघटनेची) वर्गणी मिळून पाचशेच्या वर गेले. पहिला हंगाम मी तोट्यात काढला. बायकोने वहीत लिहून ठेवलंय.

आता खरं काम काय असतं ते. क्रिकेटच्या अंपायरसारखं हे नाही, की बॉल आला, पाहिला, बोट वर केलं. नाशिकला बसून खेळ कळावा म्हणून दोन वाक्यांत: बॉल असलेल्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं, गेले तर आणखी चार मिळतात. प्रत्येक प्रयत्न पाच-सहा सेकंदांचा, आणि त्या पाच-सहा सेकंदांत २२ माणसं एकाच वेळी एकमेकांना भिडतात. शिवाय प्रत्येक जोडीचं भांडण कायदेशीर की बेकायदेशीर, हा स्वतंत्र खटला.

माझं पहिलं प्रशिक्षण ऑगस्टमध्ये एका शाळेच्या मैदानावर झालं. घामाने चश्मा धुरकटलेला. शाळेच्या मुलांचा सराव चालू होता आणि आम्हा सहा नवशिक्यांना आळीपाळीने अंपायरच्या जागी उभं केलं होतं, म्हणजे बचाव करणाऱ्या फळीच्या मागे, सगळ्या धुमश्चक्रीच्या मधोमध. एक प्रयत्न झाला. आमचे गुरुजी, तीस वर्षं काढलेला पोस्टातला माणूस, त्यांनी मला विचारलं, "बॉल कुणाकडे गेला?" मी खुशीत सांगितलं, २२ नंबरकडे, डावीकडून. ते म्हणाले, "बरोबर. आणि तुझ्या डाव्या गार्डने समोरच्याचा शर्ट काखेत धरून त्याला फिरवला, ते पाहिलंस?" नव्हतं पाहिलं. (आक्रमणाच्या फळीतला मधला तो सेंटर, त्याच्या दोन बाजूंचे ते गार्ड.) "मग तू प्रेक्षक आहेस. प्रेक्षकांना तिकीट लागतं."

करिअर-करिअर म्हणतात ते इथून सुरू होतं, बॉलकडे न बघण्यापासून. माणसाची नजर हलत्या वस्तूमागे जाते, ती उपजत खोड आहे. ती मोडायला मला तीन हंगाम लागले. अंपायर म्हणून मी आधी सेंटर आणि दोन्ही गार्डकडे बघतो, बॉल हलला की त्यांच्या पहिल्या पावलावरून कळतं की धावणार आहेत की फेकणार. मग नजर त्या जोडीवर जिथून वाट काढायचीय. बॉल कुठे आहे ते मला बहुतेकदा आवाजावरून आणि खेळाडूंच्या माना कुठे वळल्या त्यावरून कळतं. बाजूचा लाइन जज रेषेकडे बघतो, मागचा बॅक जज सगळ्यात दूर पळणाऱ्या रिसीव्हरकडे (पास झेलणाऱ्याकडे), रेफरी क्वार्टरबॅकच्या, म्हणजे बॉल फेकणाऱ्या किंवा वाटणाऱ्या खेळाडूच्या, मागे बारा-चौदा यार्डांवर. प्रत्येकाचं शेत वाटून दिलेलं आहे, दुसऱ्याच्या बांधावर पाय टाकायचा नाही. दोघांनी एकच गोष्ट पाहिली याचा अर्थ दुसरी एखादी कुणीच पाहिली नाही.

होल्डिंग नावाचा फाऊल घ्या. कुणी म्हणेल की धरलं तर फाऊल, सोपं आहे. तसं केलं तर सामना पहाटेपर्यंत चालेल, कारण हात लावल्याशिवाय ब्लॉक, म्हणजे समोरच्याला अडवणं, होतच नाही. आम्ही तीन गोष्टी बघतो. धरल्यामुळे समोरच्याला खरंच अडवलं गेलं का, म्हणजे खांदा फिरला का, शर्ट ताणून तंबू झाला का. ते खेळ चालला होता त्या ठिकाणी झालं का, की चाळीस फुटांवर झालं जिथे काही फरक पडत नव्हता. आणि ज्याला धरलं तो सुटायचा प्रयत्न करत होता का, की आधीच हरून बसला होता. हे सगळं अर्ध्या सेकंदात, आणि पुढच्या अर्ध्या सेकंदात फ्लॅग कमरेतून बाहेर. नवखा पंच सामन्याला वीस फ्लॅग टाकतो. दोन वर्षांनी तो घाबरून दोनच टाकतो. त्यानंतर कधीतरी गाडी रुळावर येते.

शिट्टीचं सांगतो, कारण भाच्याच्या हातून हे होणार म्हणजे होणारच. माझ्या चौथ्या हंगामात एका शुक्रवारी तिसऱ्या क्वार्टरमध्ये क्वार्टरबॅकने बॉल रनिंग बॅकच्या (बॉल घेऊन पळणाऱ्याच्या) पोटात दिल्यासारखं केलं. ढीग झाला, मधे तो पोरगा आडवा, मी शिट्टी फुंकली. तेवढ्यात डावीकडून ओरडा. क्वार्टरबॅकने बॉल मांडीमागे लपवून ठेवला होता आणि तो एकटाच कडेने पळत होता, समोर कुणी नाही, सरळ टचडाऊन, म्हणजे सहा गुण. पण शिट्टी वाजली म्हणजे खेळ संपला. हायस्कूलच्या नियमात अशा वेळी बॉल असलेल्या संघाला दोन पर्याय असतात: शिट्टी वाजली त्या जागी बॉल घ्या किंवा प्रयत्न पुन्हा खेळा. सहा गुण कुणीच परत देत नाही. त्या संघाच्या कोचसमोर जाऊन "ती शिट्टी चुकून वाजली, चूक माझी" हे सांगायला आमचा रेफरी गेला, कारण ते त्याचं काम, आणि मी मैदानाच्या मधोमध हात बांधून उभा राहिलो. तो संघ चार गुणांनी हरला. घरी जाताना गाडीत कुणी बोललं नाही. सोमवारी मी तोंडात धरायची शिट्टी टाकून बोटात अडकवायची घेतली. बोटातली तोंडापर्यंत न्यायला जो क्षण लागतो त्या क्षणात डोळ्यांना बॉल शोधता येतो. म्हणजे बॉलकडे बघायचंच नाही असं नाही. शिट्टी वाजवण्यापूर्वी तो प्रत्यक्ष दिसलाच पाहिजे, एरवी त्याच्या नादी लागायचं नाही.

पायऱ्या अशा: लहान मुलं, मग शाळेचे कनिष्ठ संघ, मग हायस्कूलचा मुख्य संघ, छोटी कॉलेजं, मोठी कॉलेजं, आणि मग एनएफएल. अलीकडे वसंत ऋतूत चालणाऱ्या यूएफएलसारख्या छोट्या व्यावसायिक लीगही मधली पायरी झाल्यात. एनएफएलची स्वतःची अट आहे की किमान दहा वर्षांचा अनुभव हवा आणि त्यातली पाच तरी कॉलेजच्या मुख्य संघांच्या किंवा दुसऱ्या व्यावसायिक पातळीवरची. दहा हा कागदावरचा आकडा. मी पाहिलेल्यांत पंधरा-वीस वर्षांखाली कुणी जवळपासही गेलं नाही. भाचा आज वीस वर्षांचा असेल तर चाळिशीच्या आसपास त्याला कळेल.

एकेका पायरीवर चढताना नुसता वेग वाढत नाही, नियमही बदलतात, आणि हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. हायस्कूल आणि कॉलेजात झेल घेताना एक पाय मैदानात टेकला तरी चालतो, एनएफएलमध्ये दोन्ही लागतात. आमच्याकडे बॉलवाल्याचा गुडघा टेकला की खेळ संपला, तो स्वतःच घसरून पडला असला तरी. एनएफएलमध्ये समोरच्याने स्पर्श केलेला नसेल तर तो उठून पुन्हा पळू शकतो. पास अडवताना झालेल्या फाऊलला आमच्याकडे पंधरा यार्ड, तिकडे जिथे फाऊल झाला तिथे बॉल, मग तो चाळीस यार्डांवर का असेना. पंधरा वर्षं हाताला लागलेली सवय रविवारी विसरायची आणि शुक्रवारी आठवायची. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी शनिवारी सकाळी गाडीत नियम मोठ्याने म्हणत जायचो, पाढ्यांसारखे.

वर कोण नेतं? तुमचं काम बघून सामने वाटून देणारा एक माणूस प्रत्येक पातळीवर असतो, त्याला असायनर म्हणतात. उन्हाळ्यात प्रशिक्षण शिबिरं असतात, स्वतःच्या पैशाने जायचं, तिथे वरच्या पातळीचे लोक मैदानाच्या कडेला वही घेऊन उभे. चांगलं काम केलं की फोन येतो. कधी चांगलं काम करूनही येत नाही. माझी कॉलेजची सहा वर्षं एका ईमेलने संपली: 'यंदाच्या यादीत आपलं नाव नाही.' कारण दिलं नाही, मी दोनदा विचारलं, उत्तर आलं नाही. माझे गुण वाईट नव्हते. वय बेचाळीस होतं, आणि त्याच वर्षी तीन तरुण मुलं आत आली. राग आला का? आला. वर्षभर मी शनिवारी टीव्हीवर कॉलेज फुटबॉल लावलं नाही. भाच्याला हे आत्ताच सांगून ठेवा. या धंद्यात निवड दुसऱ्याच्या हातात असते आणि त्यावर अपील नसतं.

एनएफएलपर्यंत जे जातात त्यांचा आठवडा कसा असतो ते मला माझ्या त्या मित्राकडून आणि शिबिरांत भेटलेल्या निवृत्त लोकांकडून कळलं. सामना रविवारी, पण पंच आदल्या दिवशीच त्या शहरात पोचलेले हवेत. शनिवारी हॉटेलात बैठक: मागच्या सामन्याचे तुकडे, लीगकडून आलेली व्हिडिओ फीत, दोन्ही संघांच्या चाली, कोणता खेळाडू कुठे हात घालतो. रविवारी सामन्याच्या कितीतरी तास आधी स्टेडियमवर. नंतर लीगचे निरीक्षक त्या सामन्यातला प्रत्येक प्रयत्न प्रत्येक पंचासाठी वेगळा तपासतात. टाकलेला चुकीचा फ्लॅग, न टाकलेला बरोबर फ्लॅग, उभं राहायची जागा, सगळ्याला गुण. मंगळवार-बुधवारी दवाखान्यात पेशंट नसताना आपला दंतवैद्य लॅपटॉपवर स्वतःच्या चुका बघत बसलेला असतो. हंगामाअखेर या गुणांवर ठरतं की प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला, कोण जाणार. सुपर बोलला, म्हणजे अंतिम सामन्याला, तर किमान पाच वर्षांचा एनएफएल अनुभव लागतो आणि आधी प्लेऑफ केलेला असावा लागतो. जेरी मार्कब्राइटने चार सुपर बोलना रेफरी म्हणून उभं राहून दाखवलंय.

लोकांना या माणसांची नावं सहसा कळतात ती चूक झाल्यावर. २०१९ च्या २० जानेवारीला न्यू ऑर्लीन्समध्ये सुपर बोलला कोण जाणार याचा सामना होता. लॉस एंजेलिसच्या बचावपटूने बॉल पोचायच्या आधी रिसीव्हरला धडक मारली, सगळ्या देशाने पाहिलं, फ्लॅग पडला नाही. न्यू ऑर्लीन्स हरलं. पुढच्या एका हंगामापुरता नियमच बदलला, पासमधल्या अडथळ्याचे निर्णयही रिप्लेवर तपासू लागले, आणि ते इतकं गोंधळाचं झालं की २०२० ला काढून टाकलं. त्या सामन्याचा रेफरी बिल विनोविच. याच माणसाची २००७ साली महारोहिणी चिरली होती, डॉक्टरांनी मैदान बंद केलं होतं, आणि तो २०१२ ला परत आला. हे किती लोकांना माहीत आहे?

आणि २०१२ चं वर्ष. लीगचं आणि पंचांच्या संघटनेचं पैशांवरून आणि पेन्शनवरून वाजलं, लीगने सगळ्यांना बाहेर ठेवलं आणि खालच्या पातळीवरून बदली पंच आणले. म्हणजे आमच्यासारखे लोक. आमच्या चॅप्टरच्या बैठकीत तेव्हा दोन गट पडले होते, बोलावणं आलं तर जायचं की नाही यावरून (आम्हाला कुणी विचारलंच नाही, तरी भांडलो). २४ सप्टेंबरला सोमवारी रात्री सिअ‍ॅटलमध्ये सामन्याच्या शेवटच्या क्षणी लांब पास फेकला गेला, ग्रीन बे आणि सिअ‍ॅटलचे दोन खेळाडू एकच बॉल मिठीत घेऊन पडले. जवळच्या दोन पंचांपैकी एकाने टचडाऊनचे हात वर केले, दुसऱ्याने डोक्यावर हात हलवून घड्याळ थांबवायची खूण केली. तो फोटो जगभर फिरला. सिअ‍ॅटल जिंकलं. सगळे त्या झेलावर भांडले, पण मला त्यातली दुसरी गोष्ट आठवते: बॉल हवेत असताना सिअ‍ॅटलच्या त्याच खेळाडूने समोरच्याला दोन हातांनी ढकललं होतं. तो फाऊल द्यायला हवा होता असं लीगने दुसऱ्या दिवशी मान्य केलं. बॉल हवेत आणि डोळे बॉलवर. मी तिथे असतो तर मीही तेच केलं असतं, याबद्दल मला शंका नाही. तो वेग आमच्या पायरीचा नाही. दोन दिवसांत करार झाला आणि २७ तारखेला बाल्टिमोरला जुने पंच मैदानात आले तेव्हा प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. रेफरींसाठी. पुन्हा असं होईलसं वाटत नाही. त्या दिवशीची पांढरी टोपी स्टेराटोरची होती, तोच ज्याने २०१७ साली ओकलंडमध्ये दहा यार्ड पुरे झाले का हे मोजताना बॉल आणि मोजायच्या साखळीचा खांब यांच्यामधली फट बघायला घडी घातलेला कागद सरकवला होता. आता २०२५ पासून ते मोजमाप हॉक-आय कॅमेरे करतात. ती साखळी धरणारे कडेला अजून उभे असतात, पण आधारापुरते.

शरीराचं विचारलं नाहीत, तरी सांगतो. माझं डावं मनगट एका लाइनबॅकरखाली (बचाव फळीमागच्या खेळाडूखाली) मोडलंय. त्याची चूक नव्हती, मी त्याच्या वाटेत होतो. एनएफएलमध्येही अंपायर इतके तुडवले जायचे की २०१० साली त्यांची जागाच बदलून आक्रमण करणाऱ्या संघाच्या मागे नेली. फ्लॅगही निरुपद्रवी नसतो. तो लांब पडावा म्हणून आत वजन घालतात, आणि १९९९ साली असा एक फ्लॅग क्लीव्हलंडच्या ऑर्लँडो ब्राउनच्या डोळ्यात गेला. त्याची तीन वर्षं वाया गेली. मी माझ्या फ्लॅगमध्ये मूठभर तांदूळ घालतो.

आपल्या रंगाच्या माणसाला जागा आहे का, हे ताईंनी विचारलं नाही पण मनात असणार. बर्ल टोलर १९६५ ला आले, एनएफएलचे पहिले कृष्णवर्णीय पंच, पेशाने शिक्षक. पांढरी टोपी मिळायला मात्र १९८८ उजाडलं, जॉनी ग्रियर. सारा थॉमस १९९६ पासून मिसिसिपीत शाळेच्या सामन्यांना उभी राहत होती, औषधं विकायची नोकरी करून. २०१५ ला ती एनएफएलची पहिली कायम महिला पंच झाली आणि २०२१ ला सुपर बोलपर्यंत गेली. हेड लाइन्समन या जागेचं नाव २०१७ ला डाऊन जज झालं, तेव्हा त्या जागेवर तीच होती. २०२२ ला लो व्हॅन फाम आला, लाओसमध्ये जन्मलेला, पहिला आशियाई अमेरिकन. म्हणजे दार उघडं आहे, फक्त फार अरुंद आहे. मला मैदानावर नावावरून चिडवणारे भेटले, पण खरं सांगू, कोच रागावला की कुणालाही सोडत नाही. निदान माझं आडनाव त्यांना उच्चारता येत नाही, तेवढी सोय.

घरच्यांना खरा फटका कॅलेंडरचा बसतो. हंगाम ऑगस्टच्या शेवटापासून थँक्सगिव्हिंगपर्यंत. गणपती, नवरात्र, दिवाळी, सगळं त्यातच. आणि इथली मंडळं सण शनिवार-रविवारी करतात, नेमके आमचे सामने असताना. शुक्रवारी हायस्कूल, शनिवारी कॉलेज, रविवारी पोरं. एका वर्षी मी मंडळाच्या आरतीला पट्ट्यांच्या शर्टातच पोचलो, सामना संपवून थेट. आजही काही काकू मला 'झेब्रा' म्हणूनच ओळखतात. बायकोने सात दिवाळ्या एकटीने पाहुण्यांना चहा दिलाय. माझ्याबरोबरच्या सहा नवशिक्यांपैकी तिघांनी पहिल्या पाच वर्षांत सोडलं, आणि तिघांनीही कारण घरचं सांगितलं. देशभर पंचांची टंचाई आहे, ती उगाच नाही. कडेने ओरडणारे आई-बाप हेही एक कारण आहेच.

भाच्यासाठी आता काय. त्याने आपल्या भागातल्या चॅप्टरचा नवशिक्यांचा वर्ग लावावा आणि परीक्षा द्यावी. पहिली तीन वर्षं मिळेल तो सामना घ्यावा, सहा वर्षांच्या पोरांचाही, कारण त्यात सगळेच नियम एकाच वेळी मोडले जातात. एकाच जागेवर अडून बसू नये, हायस्कूलच्या तुकडीतल्या पाचही जागा शिकाव्यात. स्वतःच्या सामन्यांचं चित्रीकरण शाळेकडून मागून घ्यावं आणि आवाज बंद करून बघावं. बूट दर सामन्याआधी पॉलिश करावेत. हास्यास्पद वाटेल, पण निवड करणारे लांबून आधी तेच बघतात. त्याचा विषय सिव्हिल आहे ते उत्तमच. पण जी नोकरी घेईल तिथे शुक्रवारी तीन वाजता निघता येईल का हे मुलाखतीतच विचारून घ्यावं. मी विचारलं नव्हतं, आणि दोन नोकऱ्या त्यापायी बदलल्या.

एनएफएल होईल का, हे मी सांगू शकत नाही. पण हायस्कूलच्या पातळीवर पाच वर्षांत तो चांगला पंच होऊ शकतो, शुक्रवारी शंभरेक डॉलर आणि सामन्यानंतर तुकडीबरोबर पिझ्झा, एवढं पक्कं.

तुमच्या बहिणीला लोकांना काय सांगायचं कळत नाही, असंही लिहिलंय. मुलगा सिव्हिल इंजिनीअर होतोय असंच सांगा, ते खरंच आहे. फक्त पुढेमागे साखरपुडा-बिखरपुडा ठरला तर तो ऑगस्ट ते नोव्हेंबरमधल्या शुक्रवारी किंवा शनिवारी ठेवू नका. मुलगा येईल, पण पट्ट्यांच्या शर्टात.